कॉलमच्या आत काय भरलंय ते आधी विचारा

कुपवाड एमआयडीसी असो, मिरज असो नाहीतर इस्लामपूरकडची एखादी लॅब असो, परचेसची फाईल उघडली की एचपीएलसी कॉलमची ऑर्डर सगळीकडे एकाच साच्यातली दिसते. एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजायचं मशीन, आणि कॉलम म्हणजे त्यातली पावडर भरलेली नळी. सी-१८, २५० बाय ४.६, ५ मायक्रॉन, एक नग. झालं. मग तीन कोटेशन येतात, अकाउंटवाले सगळ्यात खालच्या आकड्याभोवती गोल करतात आणि थोड्या दिवसांत कुरिअरने एक लांबट पेटी येते. मला ह्या प्रकाराचा मनापासून त्रास होतो म्हणून आज सविस्तर लिहायला बसलेय. कारण त्या एका ओळीत कॉलमची लांबी कळते, आतला व्यास कळतो, कणाचा आकार कळतो आणि कणावर अठरा कार्बनची साखळी बसवलीय एवढं कळतं, पण ती साखळी ज्या सिलिकावर बसवलीय ती कसली, तिच्यात लोखंड-ॲल्युमिनियम किती, भोकं केवढी, उघडे राहिलेले सिलॅनॉल (सिलिकाच्या पृष्ठभागावरचे ओएच गट) झाकलेत का, कण आतपर्यंत सच्छिद्र आहे का मधे भरीव गाभा आहे, यातलं काहीएक कळत नाही. आणि सेपरेशन चांगलं येणार का वाईट, हे तर याच गोष्टींवर ठरतं.

मी सांगलीत टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे येणारं सॅम्पल म्हणजे बहुतेक इथल्याच मातीतलं, हळद, बेदाणा, द्राक्षं, गूळ, काकवी, मधूनच एखादं औषधाचं. मशीनवर लाखांनी खर्च होतो, सॉफ्टवेअरचं ऑडिट होतं, पंपाचं कॅलिब्रेशन होतं, सगळं बरोबरच आहे, पण पंप नुसता ढकलतो आणि डिटेक्टर नुसता बघतो. खरं काम त्या वीतभर स्टीलच्या नळीत भरलेली पांढरी पावडर करते. तिथे दोन पीक (आलेखावरचे उंचवटे, एकेका पदार्थाचा एकेक) वेगळे झाले नाहीत तर पुढे कोणी काही करू शकत नाही.

ही पावडरीची गोष्ट शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. १९०३ साली वॉर्सात मिखाईल त्स्वेत या वनस्पतीशास्त्रज्ञाने पानातल्या रंगद्रव्यांवरच्या आपल्या प्रयोगांबद्दल भाषण दिलं, पुढे खडूची पावडर भरलेल्या काचेच्या नळीत हिरवे-पिवळे पट्टे वेगळे करून दाखवले. मग १९४१ मध्ये मार्टिन आणि सिंज या दोघांनी सिलिका जेलवर पाणी धरून ठेवून अमिनो आम्लं वेगळी केली, आणि त्याच पेपरमध्ये लिहून ठेवलं की कण अगदी बारीक घ्या आणि दाब जास्त लावा म्हणजे सेपरेशन सगळ्यात उत्तम येईल. १९५२ चं नोबेल त्यांना मिळालं, पण त्यांनी सांगितलेलं रोजच्या वापरात यायला अजून वीसेक वर्षं गेली, कारण तसे कण बनवता येत नव्हते आणि तसे पंपही नव्हते. म्हणजे अडलं होतं ते मटेरियलवर. आजही बऱ्याचदा तिथेच अडतंय, फक्त आता मटेरियल बाजारात आहे आणि आपण ते विचारत नाही.

सिलिकापासूनच सुरुवात करू.

जुन्या पद्धतीची सिलिका, जिला टाईप ए म्हणतात, ती सोडियम सिलिकेटपासून बनायची आणि तिच्यात लोखंड, ॲल्युमिनियमसारखे धातू थोड्या प्रमाणात राहून जायचे. टाईप बी म्हणजे टेट्राइथॉक्सिसिलेनसारख्या शुद्ध सेंद्रिय कच्च्या मालापासून केलेली सिलिका, धातू खूप कमी. दोन्हीवर सी-१८ बसवता येतो आणि दोन्हींच्या डब्यावर सी-१८ च लिहिलेलं असतं. सिलिकाच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण ८ मायक्रोमोल सिलॅनॉल गट असतात, आणि सी-१८ ची साखळी जाडजूड असल्यामुळे कितीही कष्ट घेतले तरी त्यातल्या तीन-चार मायक्रोमोलांवरच बसते. म्हणजे निम्मे किंवा त्याहून जास्त सिलॅनॉल मोकळेच राहतात बघा. मग त्यांच्यावर ट्रायमिथाइल सिलिलचा छोटा गट बसवायचा, त्याला एंडकॅपिंग म्हणतात, पण तरी सगळे झाकले जात नाहीत. उरलेल्या सिलॅनॉलच्या शेजारी धातू असला की तो जास्त आम्लधर्मी होतो आणि ॲमिट्रिप्टिलीनसारखं बेसिक, म्हणजे अल्कधर्मी, औषध त्याला चिकटून बसतं, पीकची शेपटी बेसलाईनवर लांबच्या लांब जाते. पूर्वी यावर मोबाईल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात, ट्रायइथाइल अमाईन घालायचा उपाय होता, अजूनही जुन्या मेथडमध्ये दिसतो. तो आजारावरचा उपाय होता आणि आजार सिलिकात होता. आता चांगल्या टाईप बी कॉलमवर त्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

हे आमच्या हळदीला कसं लागू पडतं ते सांगते, कारण हे मी रोज बघते. हळदीत कर्क्युमिनॉइड तीन, कर्क्युमिन, डिमेथॉक्सिकर्क्युमिन आणि बिसडिमेथॉक्सिकर्क्युमिन. तिन्हींचा सांगाडा तोच, फरक फक्त मेथॉक्सी गटांचा, पहिल्यात दोन, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात एकही नाही. सी-१८ वर ते उलट्या क्रमाने बाहेर पडतात, आधी बिसडिमेथॉक्सी, मग डिमेथॉक्सी, शेवटी कर्क्युमिन, आणि तिघं एकमेकांना अगदी खेटून येतात. आता कर्क्युमिनच्या रेणूच्या मधोमध डायकीटोनचा भाग आहे आणि तो धातूला धरून ठेवण्यात पटाईत. सिलिकात लोखंड असलं की कर्क्युमिन तिथे रेंगाळतं, पीक पुढून ताठ आणि मागून पसरट येतो. मधल्या पीकचीही शेपटी कर्क्युमिनच्या पायथ्याशी शिरते, इंटिग्रेशनची, म्हणजे पीकचं क्षेत्रफळ मोजायची, रेघ कुठून ओढायची हा प्रश्न पडतो आणि रेघ इकडची तिकडे झाली की टक्का बदलतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा व्हायचा तो वर्षानुवर्षं रंग, गाठ, वास बघून, पण आता एक्स्पोर्टवाले आणि अर्क काढणारे कर्क्युमिनचा टक्का विचारतात, २ ते ५ च्या आसपासचा आकडा असतो तो, त्यात दशांशाचा फरकही भावात दिसतो. एका शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मालाची किंमत कुठल्या तरी सिलिकात राहून गेलेल्या लोखंडामुळे हलू नये, एवढीच माझी तळमळ आहे.

परवा आमच्याकडची नवीन मुलगी म्हणाली, "मॅडम, कॉलम नवा आहे तरी कर्क्युमिनचा पीक असा काय येतोय, मोबाईल फेजमध्ये ॲसिड वाढवू का?" मी म्हटलं, "थांब गं, आधी पेटीतला कागद आण." पेटीत जो टेस्ट रिपोर्ट असतो तो निम्मे लोक वाचत नाहीत. तिने आणला, त्यावर युरासिल, टोल्युईन आणि असेच एकदोन साधे पदार्थ चालवलेले, प्लेट्स (कॉलमच्या इफिशियन्सीचा आकडा, जास्त तितका चांगला) भरपूर, टेलिंग (शेपटीचं माप, १ म्हणजे शेपटी नाही) १ च्या जवळ. पण हे सगळे न्यूट्रल पदार्थ, त्यांना ना सिलॅनॉलचं काही पडलेलं ना धातूचं, त्यामुळे वाईट सिलिकावरही ते सरळ येतात. पॅकिंग बरं झालंय एवढंच त्यातून कळतं, केमिस्ट्रीचं काहीच कळत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनाची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने यासाठी एसआरएम ८७० नावाचं मिश्रण ठरवलंय, त्यात युरासिल, टोल्युईन, इथाइलबेन्झिन यांच्यासोबत क्विनिझारिन आणि ॲमिट्रिप्टिलीन आहे. क्विनिझारिन धातूला धरतं, ॲमिट्रिप्टिलीन सिलॅनॉलला. हे दोन पीक सरळ आले तर समजायचं आतलं मटेरियल चांगलं. क्विनिझारिन शेपटी सोडत असेल तर हळदीला तो कॉलम लावूच नका, मोबाईल फेजमध्ये फॉर्मिक नाहीतर ॲसेटिक ॲसिड घालून थोडं सावरतं पण मूळ दुखणं जात नाही. आम्ही तोच मोबाईल फेज ठेवून दुसरा, शुद्ध सिलिकाचा सी-१८ लावला आणि ४२५ नॅनोमीटरला तीन पीक मोकळे मोकळे उभे राहिले, तेव्हा त्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता कणाच्या आकाराकडे येते, कारण इफिशियन्सीचा सगळा खेळ तिथे आहे आणि आपल्याकडच्या छोट्या लॅबचा सगळ्यात जास्त पैसा पण तिथेच वाया जातो असं माझं मत आहे.

पीक पसरतो कशाने? १९५६ मध्ये व्हॅन डीमटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचं समीकरण मांडलं, एमएस्सीला सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, ए अधिक बी भागिले यू अधिक सी गुणिले यू, यू म्हणजे मोबाईल फेजचा वेग. समजून घ्यायला सोपं आहे, एकाच पदार्थाचे रेणू कणांच्या मधून वेगवेगळ्या वाटांनी जातात म्हणून थोडे पुढेमागे होतात, हा ए. फ्लो अगदी हळू ठेवला तर ते आपले आपणच पसरत राहतात, हा बी. आणि कणाच्या भोकात आत जाऊन परत बाहेर यायला वेळ लागतो, तोवर बाकीचे पुढे गेलेले असतात, हा सी. कण बारीक केला की ए कमी होतो, सी तर कणाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणून १९७० च्या दशकात १० मायक्रॉन होते, मग ५ आले, मग ३, आणि २००४ साली १.७ मायक्रॉनच्या कणांसाठी खास जास्त दाबाची मशीन बाजारात आली, त्यांना यूएचपीएलसी म्हणतात. पण दाबही कणाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. लांबी आणि वेग तोच ठेवून ५ वरून १.७ वर गेलात तर दाब साडेआठ पट. आपल्याकडची बहुतेक मशीन ४०० बारपर्यंतच दाब देणारी, त्यामुळे "ते यूएचपीएलसीवाल्यांचं काम, आपल्याला अडीचशे-पाच बरा" असं म्हणून लोक विषय सोडून देतात.

इथेच थांबू नका, कारण मधला रस्ता आहे, आणि तो आता काही नवाही राहिला नाही. कोअर-शेल कण. बोर असतं ना, मधे टणक बी आणि भोवती गर, तसा हा कण, मधे १.७ मायक्रॉनचा भरीव सिलिकाचा गोळा आणि भोवती अर्ध्या मायक्रॉनचा सच्छिद्र थर, एकूण २.७ मायक्रॉन. यामागचा माणूस जॅक किर्कलंड. या माणसाने १९६० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँटमध्ये असताना झायपॅक्स नावाचे कण केले होते, तेही भरीव गाभ्याचेच पण चांगले मोठे आणि वरचा थर पातळ, त्यावर फार सॅम्पल घालता यायचं नाही. मग पूर्ण सच्छिद्र बारीक कण आले आणि ती कल्पना मागे पडली. आणि जवळजवळ चार दशकांनी, २००६ मध्ये, त्याच किर्कलंडनी बारीक गाभा आणि जाड थर घेऊन हॅलो नावाचा कॉलम आणला. एका माणसाने आपलीच जुनी कल्पना इतक्या वर्षांनी हातात घेऊन पूर्णत्वाला न्यावी याचं मला फार कौतुक वाटतं.

गाभा भरीव म्हटल्यावर लोकांना वाटतं निम्मा माल वाया गेला. गणित करून बघा, १.७ भागिले २.७ चा घन म्हणजे ०.२५, म्हणजे गाभ्याने फक्त पाव भाग खाल्ला, तीन चतुर्थांश आकारमान सच्छिद्रच आहे. आणि फायदा काय, तर गाभ्यात रेणू शिरूच शकत नाही म्हणून बी कमी होतो, पॅकिंग जास्त एकसारखं बसतं म्हणून ए बराच कमी होतो. सी कमी होतो म्हणून हे कण चांगले असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण छोट्या रेणूंसाठी तो भाग तसा किरकोळ आहे, प्रोटीनसारख्या मोठ्या, हळू हलणाऱ्या रेणूंना तो फायदा खरा दिसतो.

आता आपल्या हिशोबाचं. चांगल्या भरलेल्या पूर्ण सच्छिद्र कॉलममध्ये एका प्लेटची उंची कणाच्या साधारण दुप्पट धरतात. २५० मिलीमीटर, ५ मायक्रॉन, म्हणजे जास्तीत जास्त २५,००० प्लेट्स. कोअर-शेलमध्ये ती उंची कणाच्या दीडपट येते, म्हणजे २.७ चे चार मायक्रॉन, आणि १०० मिलीमीटरमध्ये त्याच २५,००० प्लेट्स! दाब किती वाढला? कण बारीक झाला म्हणून ३.४ पट, लांबी कमी झाली म्हणून ०.४ पट, दोन्ही गुणलं की १.४ पटीच्या आत. जुन्या कॉलमवर १२० बार असेल तर नव्यावर १६५ च्या आसपास, ४०० बारचा पंप आरामात चालवतो. आणि हाच १०० मिलीमीटर १.७ मायक्रॉनचा घेतला असता तर प्लेट्स २९,००० वर गेल्या असत्या पण दाब जुन्याच्या साडेतीन पट झाला असता, म्हणजे जुन्या पंपाच्या गळ्याशी. मला नाही वाटत छोट्या लॅबने त्या चार हजार प्लेट्ससाठी नवीन मशीनचं कर्ज काढावं.

आणि वेळ. मिनिटाला १ मिली फ्लो तोच ठेवला तर २५ मिनिटांचा रन १० मिनिटांत. मोबाईल फेजमध्ये ६० टक्के ॲसिटोनायट्राईल हे सॉल्व्हंट असेल तर एका इंजेक्शनला, म्हणजे एकदा सॅम्पल सोडायला, १५ मिलीऐवजी ६ मिली. दिवसभराच्या सिक्वेन्समध्ये हे किती होतं ते ज्याने ॲसिटोनायट्राईलची बिलं पास केलीत त्याला विचारा. २००८-०९ ला तर पैसे देऊनही मिळत नव्हतं, कारण ॲसिटोनायट्राईल मुद्दाम कोणी फारसं बनवत नाही, ॲक्रिलोनायट्राईल बनवताना ते बाजूला निघतं, आणि मंदीत प्लास्टिकची मागणी पडली, बीजिंग ऑलिम्पिकसाठी चीनमधले कारखाने बंद ठेवले, टेक्सासमध्ये वादळाने एक प्लांट थांबवला, असं सगळं एकदम झालं. तेव्हा जगभरच्या लॅब आखूड कॉलमकडे वळल्या. वेस्ट सॉल्व्हंटचे कॅन कुठे द्यायचे हा प्रश्न तर आपल्याकडे कायमच आहे.

एक गोष्ट मात्र आधी करावी लागते नाहीतर लोक म्हणतात "लावला तुमचा कोअर-शेल, काही फरक नाही पडला". आखूड कॉलमवर पीक अरुंद येतो, पायथ्याशी चार-पाच सेकंदांचा, आणि जुन्या मशीनची नळी जाड असली, इंजेक्टरपासून डिटेक्टरपर्यंत निळी पीक (PEEK नावाच्या प्लास्टिकची) ट्यूबिंग लांबच लांब गुंडाळलेली असली, की कॉलमने कमावलेलं सगळं नळीत पसरून जातं. निळ्या ट्यूबिंगचं आतलं भोक ०.२५ मिलीमीटर, लालचं ०.१३. नळी बारीक आणि जमेल तितकी आखूड करा, फिटिंग घट्ट आणि तळापर्यंत टेकलेलं बघा, डिटेक्टरचा रिस्पॉन्स टाईम अर्ध्या सेकंदाच्या खाली आणा, इंजेक्शन २० मायक्रोलिटर घेत असाल तर ८ वर आणा. याला फार खर्च नाही, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि सॅम्पल फिल्टर करा हो, हळदीचा अर्क कितीही स्वच्छ दिसला तरी त्यात बारीक काहीतरी असतंच. २.७ मायक्रॉनच्या कॉलमला पुढची फ्रिट, म्हणजे तोंडाची गाळणी, बऱ्याचदा २ मायक्रॉनची असते, १.७ वाल्यांना त्याहून बरीच बारीक लागते आणि ती लगेच चोंदते, आपल्या मातीतल्या सॅम्पलसाठी मला कोअर-शेल आवडण्याचं हे अजून एक कारण.

पण सगळीकडे सी-१८ चालतो ही समजूतही सोडायला हवी, कितीही उत्तम सिलिका असली तरी. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूसकडच्या द्राक्ष बागायतदारांना २०१० आठवत असेल. युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले ते क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अवशेषामुळे, आपले शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात, खरड छाटणीनंतर शेंडा वाढ रोखायला मारायचे. या रेणूवर कायमचा धन विद्युतभार असतो, छोटा, पाण्यात सहज विरघळणारा, त्याला सी-१८ च्या तेलकट साखळीशी काही देणंघेणं नाही. साध्या सी-१८ वर तो थांबतच नाही, डेड व्हॉल्यूमसोबत, म्हणजे न थांबता जाणाऱ्या द्रवासोबत, पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत साखर, क्षार सगळ्यांच्या गर्दीत निघून जातो. शेकडो कीटकनाशकं एका रनमध्ये बघणारी सी-१८ ची मेथड अशा रेणूसाठी आंधळीच. त्याला हिलिकसारखं काहीतरी लागतं, १९९० मध्ये अँड्र्यू आल्पर्टनी हे नाव दिलं, त्यात कॉलमच ध्रुवीय असतो आणि मोबाईल फेजमध्ये बहुतेक ॲसिटोनायट्राईल, पाणी थोडंच, ते पाणी कणाच्या पृष्ठभागावर थर धरून बसतं आणि असे पाणीप्रेमी रेणू त्या थरात रमतात. अख्ख्या जिल्ह्याचा हंगाम एका रेणूवर अडला होता, आणि तो रेणू दिसणं न दिसणं कॉलममधल्या पावडरीवर होतं. म्हणून मी म्हणते की ही नुसती परचेसची बाब नाही.

साखरेचंही तसंच. बेदाण्यातलं ग्लुकोज-फ्रुक्टोज, काकवीतलं सुक्रोज, सी-१८ वर सगळं एकत्र पळतं. अमिनो कॉलम लावला, ७५-२५ ॲसिटोनायट्राईल-पाणी, आरआय (रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स) डिटेक्टर, की फ्रुक्टोज आधी, मग ग्लुकोज, मग सुक्रोज. छान वेगळे होतात, पण अमिनो गट ग्लुकोजसारख्या रिड्युसिंग साखरेशीच हळूहळू रिॲक्शन करतो आणि कॉलम थकत जातो. दुसरा मार्ग कॅल्शियम भरलेल्या रेझिनचा, पॉलिस्टायरिन-डायव्हिनाइलबेन्झिनवर सल्फोनेट आणि त्यावर कॅल्शियम, ८०-८५ अंशाला गरम ठेवायचा आणि मोबाईल फेज म्हणजे नुसतं शुद्ध पाणी! इथे क्रम बरोबर उलटा, सुक्रोज पहिलं, फ्रुक्टोज शेवटी. सॉल्व्हंटचा खर्च शून्य. फक्त हे रेझिन मऊ, दाब सोसत नाही, आधी गरम होऊ द्यायचं, मग फ्लो हळूहळू वाढवत ०.६ वर न्यायचा. घाईने १ मिली लावला की आतला भराव दबून गेलाच म्हणून समजा. गूळ-बेदाण्याचं काम रोजचं असेल तर मी हाच घेईन, प्लेट्स कमी असल्या तरी.

पीएचचं थोडक्यात. सिलिकावरचा साधा सी-१८ पीएच २ ते ८ मध्येच सुखी, २ च्या खाली साखळी तुटून वाहून जाते, ८ च्या वर सिलिकाच विरघळते, आणि फॉस्फेट बफर गरम असेल तर ७ लाही जपून. त्यापलीकडे जायचं तर हायब्रिड कण आहेत, सिलिकाच्या जाळ्यातच इथिलीनचे पूल घातलेले, ते पीएच १२ पर्यंत सोसतात, बेसिक औषधं बिनभाराची करून चालवायला उत्तम. पॉलिमरचे त्याहून सोशिक पण सॉल्व्हंट बदलला की फुगतात-आकसतात आणि प्लेट्स कमी देतात. एडिनबराच्या जॉन नॉक्स यांनी केलेला सच्छिद्र ग्राफाईटचा कॉलम कुठल्याही पीएचला चालतो आणि सी-१८ वर न थांबणारे बरेच ध्रुवीय रेणू धरतो. क्योटोच्या लोकांनी तर कणच काढून टाकले, सिलिकाचा एकसंध दांडा केला, मोनोलिथ, त्यात २ मायक्रॉनच्या मोठ्या वाटा आणि आत १३ नॅनोमीटरची भोकं, दाब इतका कमी की फ्लो दुप्पट-तिप्पट करून चालवा. काकवीसारख्या चिकट सॅम्पलला हा करून बघायची माझी फार इच्छा आहे.

द्राक्षातलं टार्टारिक, मॅलिक आम्ल बघायचं तर मोबाईल फेज जवळजवळ सगळा पाण्याचा लागतो, तिथे साध्या सी-१८ ची भोकं पाणी बाहेर टाकतात. मधेच लाईट जाऊन पंप थांबला की हमखास, परत सुरू केल्यावर पीक अचानक लवकर येतात आणि लोक कॉलम मेला म्हणून टाकून देतात. मेलेला नसतो, निम्मं ॲसिटोनायट्राईल घालून धुतला की भोकं परत भरतात. पण रोज हेच काम असेल तर सरळ ध्रुवीय गट घातलेला, एक्यू म्हणून मिळतो तसला घ्या.

औषधवाल्यांची एक अडचण खरी आहे, "मेथडमध्ये एल-१ लिहिलंय, आम्ही कसं बदलायचं?" यूएसपीत, म्हणजे अमेरिकेच्या औषध-मानकांच्या ग्रंथात, एल-१ म्हणजे सी-१८ बसवलेली सिलिका, बस्स, शुद्ध-अशुद्ध सगळे त्यातच, म्हणून एल-१ लिहिलं की कॉलम ठरला असं नाही. आणि बदलाला वाव आहे, आयसोक्रॅटिक मेथडमध्ये (मोबाईल फेजचं मिश्रण शेवटपर्यंत तेच असतं त्यात) लांबी भागिले कण हे गुणोत्तर २५ टक्क्यांनी कमी ते ५० टक्क्यांनी जास्त चालतं. २५०-५ चं गुणोत्तर ५०,०००, तर १५०-३ चंही ५०,०००, बिनदिक्कत बदला. १०० मिलीमीटर २.७ चं ३७,०००, जेमतेम बाहेर जातं, पण कोअर-शेलसाठी तिथे प्लेट्स मोजून त्याच मर्यादेत आहेत हे दाखवलं तरी चालतं. जुनी रेकॉर्ड चाळून मूळ कॉलमच्या प्लेट्स लिहून ठेवा म्हणजे ऑडिटरसमोर बोलता येतं. सिस्टम सुटेबिलिटी, म्हणजे मेथडने सांगितलेली मशीन-कॉलमची चाचणी, पास व्हायलाच हवी हे वेगळं सांगायला नको.

मी आता परचेसला जो कागद देते त्यात लिहिते, टाईप बी सिलिका, धातूंचं प्रमाण किती ते सर्टिफिकेटवर हवं, भोकं ९० ते १२० अँगस्ट्रॉम, एंडकॅप्ड, कोअर-शेल २.७, १०० बाय ४.६, त्याच बॅचचा बेसिक आणि धातू धरणाऱ्या पदार्थाचा टेस्ट रन. पहिल्यांदा दिला तेव्हा सप्लायरचा फोन आला, "मॅडम, एवढं कोण विचारत नाही इकडं." मी म्हटलं, "दादा, तुम्ही कंपनीला मेल टाका, त्यांच्याकडे असतंय सगळं." चार दिवसांत पीडीएफ आली, त्यात लोखंड, ॲल्युमिनियम, सोडियम सगळे आकडे ओळीने दिलेले होते. मागितलं की मिळतं. कोटेशनच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवलाय, कॉलमची किंमत भागिले त्याने काढलेली इंजेक्शन, अधिक एका इंजेक्शनचा सॉल्व्हंट, आणि अकाउंटवाले आता तोच रकाना बघून गोल करतात.